टाकी रिकामी करू नये

प्रिय पट्टी,

या दोन शब्दांपाशीच माझी अर्धी सकाळ गेली. आधी ‘प्रिय वहिनी’ लिहिलं आणि वाटलं, आता ही वहिनी आहे का? कागदोपत्री तर नाही. मग नुसतं नाव लिहून पाहिलं, तर ते सरकारी पत्रासारखं दिसायला लागलं, खाली ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ तेवढे लिहायचे बाकी. शेवटी कॉलेजातलं तुझं नाव आठवलं. खिशात कायम पट्टी घेऊन फिरणाऱ्या आणि कॅन्टीनच्या टेबलाची जाडीसुद्धा मोजून बघणाऱ्या मुलीला मीच ते दिलं होतं. ते तुझ्या लग्नाच्या कितीतरी आधीचं आहे. दादाशी त्याचा काही संबंध नाही, आणि कुठल्याही कोर्टाला ते रद्द करता येणार नाही. तेव्हा तेच ठेवलं. तुला आवडलं नाही तर खोडून टाक, आणि काय लिहायला हवं होतं ते कळव, म्हणजे मलाही कळेल.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, अजून तसंच, प्रत्येक ओळ खाली पट्टी धरल्यासारखी सरळ. एवढ्याशा कागदावर तू किती जणांची चौकशी केलीस! आईचे गुडघे, दादाची बदली, जिन्यातली लंगडी मांजर, मोठे साहेब निवृत्त झाले की अजून खुर्चीला चिकटून आहेत. आणि शेवटी एकच प्रश्न, ‘आईंना भेटायला आले तर चालेल का?’ म्हटलं तर उत्तर एका शब्दाचं. पण मंगळवारी ते वाचून माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. ये म्हणावं, तर आईने दोन वर्षांत तुझं नावही काढलेलं नव्हतं. तुला दारात पाहून तिला काय होईल, कोणास ठाऊक. नको म्हणावं, तर ते मी कोणत्या तोंडाने म्हणू? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी पाणीपुरवठा खात्यात असूनही दोन्हींना कठडा नाही. आज रविवार. घरी काही सुचेना, म्हणून टाकीच्या आवारातल्या पत्र्याच्या खोलीत येऊन बसले आहे. इथे एक टेबल, एक खुर्ची, पाण्याच्या पातळीचा काटा, आणि खिडकीतून समोर टाकी.

टाकीवरून आठवलं, तुला ते सांगायलाच हवं. विषय टाळते आहे असं समजू नकोस. ही टाकी तुझीच आहे. टेकडीवरच्या वस्तीसाठी तू आराखडा केला होतास ना, गोल, जमिनीवर बसलेली, तीच. तू इथली नोकरी सोडलीस, मग वर्षभर तो आराखडा कपाटात पडून होता. मग एकदम सगळ्यांना घाई झाली, आणि बांधून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सळयांवरून तू मोठ्या साहेबांशी किती भांडली होतीस! ते म्हणत होते जाड सळया लांब लांब घाला, काम लवकर उरकतं. आणि तू अडून बसलीस, बारीक सळया जवळजवळच हव्यात. काँक्रीट तडकणारच आहे, तर एका ठिकाणी मोठा तडा जाण्यापेक्षा दहा ठिकाणी केसासारखं तडकू दे, असं तू त्यांना तोंडावर सांगितलंस. साहेब म्हणाले, ही बाई टाकी बांधायच्या आधीच फोडून बसली आहे. तेव्हा मी हसले होते. काम चालू असताना मात्र रोज आराखडा उलगडायची, कोपऱ्यातली तुझी सही दिसायची, त्यात आमचं आडनाव, आणि मी घाईघाईने पुढचं पान काढायची.

तू म्हणाली होतीस तसंच झालं. टाकी भरली, हळूहळू, नियमाप्रमाणे, आणि दुसऱ्याच दिवशी बाहेरच्या अंगाला ओलसर रेषा उमटल्या. अगदी बारीक. उभ्या, थोड्या वाकड्या, घाम आल्यासारख्या. गळती म्हणावी तर थेंब खाली पडत नाही, कोरडी म्हणावी तर हात लावला की ओला. मी निळा खडू घेतला आणि प्रत्येक रेषेच्या दोन्ही टोकांना खूण करून शेजारी तारीख घातली, म्हणजे रेषा वाढते की आखडते ते कळावं. साहेब पाहायला आले, चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, रिकामी करा, आतून सगळं बुजवून घ्या. मी नको म्हणाले. भांडले. चार दिवस दम धरा, या भेगा आपोआप मिटतील, असं सांगितलं. रिकामी केली तर जेवढ्या मिटत आल्या आहेत तेवढ्याही सुकून परत उघडतील. आणि कुणी साहेबांच्या सांगण्यावरून चुपचाप पाणी सोडून देईल या भीतीने तळाच्या झडपेला एक पाटी बांधली, ‘टाकी रिकामी करू नये’. अक्षर माझं आहे, तेव्हा कोणाला वाचता येईल की नाही देव जाणे.

हे सगळं मी घरी आईला सांगत बसले होते. तू गेल्यापासून ऑफिसातलं सांगायला घरात तीच आहे. तिला ते काही केल्या पटेना. आयुष्यभर दवाखान्यात जखमा बांधल्या आहेत तिने. तिचं म्हणणं, चीर पडली की ती कोरडी ठेवायची, हात लावायचा नाही, पाणी तर अजिबात लागू द्यायचं नाही, आणि आपोआप भरून येईपर्यंत तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. मी म्हटलं, आई, ही उलटी जखम आहे. भेगेतून पाणी झिरपतं, ते येताना काँक्रीटमधला चुना थोडा थोडा विरघळवून आणतं, बाहेरच्या हवेपाशी पोचलं की तो चुना तिथेच बसतो, कणावर कण, दगडासारखा घट्ट. शिवाय आत थोडं सिमेंट कच्चं राहिलेलं असतं, त्यालाही पाणी लागलं की ते फुगून जागा भरतं. पाणी नसेल तर यातलं काहीच होत नाही. कोरडी भेग दहा वर्षं कोरडी ठेव, ती भेगच राहते. आईने चष्म्याची काच पुसली आणि विचारलं, म्हणजे गळते म्हणूनच मिटते? मी म्हटलं, हो, बारीक असेल, हलत नसेल आणि टाकी भरलेली असेल तर. ती म्हणाली, मग तुमची टाकी वेडी आहे. आणि दिवा बंद करून झोपायला गेली.

पुढचं ऐक. आईच्या गुडघ्यात इंजेक्शन द्यायचं होतं म्हणून मी दोन दिवस रजा घेतली. परत आले तर टाकी फिकट पिवळी! वरपासून खालपर्यंत एकसारखी, गुळगुळीत, नव्या बालदीसारखी चकचकीत. माझ्या निळ्या खुणा नाहीत, तारखा नाहीत, रेषा नाहीत. आपल्या खात्यातले ते रंगारीमामा तुला आठवत असतील. मापाच्या खोलीचं दार त्यांनी उघडं ठेवून रंगवलं होतं आणि ते पुढे कधी बंदच झालं नाही. तेच शिडीवर बसले होते. मला पाहून खाली उतरले, कौतुकाच्या अपेक्षेने. म्हणाले, मॅडम, तपासणीची मंडळी येणार, आणि टाकीच्या अंगावर हे निळे-पांढरे ओरखडे, बरं दिसतं का ते? पोरंटोरं खडूने काहीबाही लिहून ठेवतात. मी चांगले दोन हात मारले, पाणी अडवणारा रंग आहे, जाड. आता माझ्या तारखांना ते पोराटोरांचं लिहिणं समजले. माझ्या अक्षराबद्दल तू जे म्हणायचीस तेच त्यांनाही वाटलं एवढंच.

यात खरी गंमत पुढे झाली, आणि तिथूनच मी गोंधळले. साहेब आले, टाकीभोवती एक चक्कर मारली आणि प्रसन्न झाले. म्हणाले, तुमचं बरोबर होतं, आपोआप मिटलं सगळं, करा सही, झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मला सही करता येईना. जे मी इतके दिवस घसा फोडून सांगत होते ते एकदम सगळ्यांना पटलं, आणि त्याच क्षणी माझाच त्यावरचा विश्वास उडाला. मिटलं आहे की झाकलं आहे? पाण्याची पातळी बघावी तर ती रोज थोडी उतरते. पण तळाची झडप नीट बसलेली नाही, तिच्यातूनही थेंब जातात, मग पातळी भेगांमुळे उतरते की झडपेमुळे, कसं सांगणार? रंगाला हात लावून पाहिलं, कोरडा. पण रंग पाणी अडवणाराच आहे, तो कोरडा लागणारच. लहान मुलं तळ्यात-मळ्यात खेळतात ना, तसं माझं चाललं होतं, आणि तेही भर उन्हात, डोक्यावर हेल्मेट घालून.

त्याच संध्याकाळी तुझं पत्र हातात पडलं. ते वाचून मी बैठकीच्या खोलीत बसले होते आणि समोर भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. आता तुला या कॅलेंडरची गोष्ट सांगायला हवी. आपल्या चौघांचा तो फोटो होता ना, पुलावरचा, ज्यात वाऱ्याने तुझे केस आईच्या तोंडावर आले आहेत आणि दादा डोळे मिटून उभा आहे? तू गेल्यावर थोड्याच दिवसांत तो भिंतीवरून गेला. मी सकाळी उठले, तर नुसता खिळा आणि फिकट चौकोन. मला वाटलं, आईने काढला. तिला बघवत नसेल. मी काही विचारलं नाही. तो उघडा चौकोन तिच्या डोळ्यांत खुपू नये म्हणून औषधाच्या दुकानातून एक कॅलेंडर आणून तिथे लावलं. तीही काही बोलली नाही. वर्ष संपलं. जानेवारीत मी नवीन कॅलेंडर घेऊन घरी आले तर खिळ्यावर आधीच एक नवीन लटकत होतं. आईने आणलेलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मी माझंही त्याच्याच वर लावून टाकलं. तेव्हापासून आमच्या भिंतीवर एकाच वर्षाची दोन कॅलेंडरं आहेत. महिना बदलला की मी वरचं पान उलटते आणि आई मागून हात घालून खालचं उलटते. बाहेरून कोणी आलं तर त्यांना वाटतं, या घरात तारखेला फार मान दिसतो.

मंगळवारी मला पहिल्यांदा वाटलं, आमच्या घरालाही रंगारीमामांनी दोन हात मारले आहेत की काय. बाहेरून सगळं कोरडं. कोणी रडत नाही, कोणी भांडत नाही, तुझा विषय निघत नाही. मी समजत होते, मिटलं. आईचं मिटलं, दादाचं मिटलं. पण तपासून कोणी पाहिलं होतं? आता तू लगेच म्हणशील की ही टाकीचं निमित्त करून घरच्या गोष्टी बोलते आहे. मुळीच नाही. मी टाकीबद्दल बोलत होते तेव्हा टाकीबद्दलच बोलत होते. पण डोकं एकच असतं, त्यात टाकीचा कप्पा वेगळा आणि घराचा वेगळा असं कोणी बांधून दिलेलं नाही. आणि एक सांगू का, तुमच्या दोघांचं नक्की काय बिनसलं ते मला आजही माहीत नाही. मी शेजारच्या खोलीत होते. ताटं आपटली नाहीत, आवाज चढला नाही. तू चहा करायचीस, तो प्यायचा, मग एक दिवस तू जिन्यात बॅग घेऊन उभी होतीस आणि दादा ती बॅग उचलायला मदत करत होता. इतक्या सभ्यपणे माणसं वेगळी होतात हे पाहून मला कोणावर चिडावं तेच कळेना.

असो. बुधवारी सकाळी मी रंगारीमामांना म्हटलं, मामा, रंग खरवडा. त्यांचा चेहरा असा झाला, जसं काही मी त्यांच्या लेकीचं लग्न मोडते आहे. सगळा नाही, म्हटलं, जिथे माझ्या खुणा होत्या तेवढाच, बोटभर रुंद. त्यांना खुणा कुठे होत्या ते आठवेना, मला आठवत होत्या. ते पुटपुटत शिडीवर चढले. पण हात फार हलका आहे गं त्यांचा. खरवडायची पत्री अशी धरली होती की फक्त रंगच निघावा. पहिल्या रेषेवरचा पापुद्रा निघाला आणि खाली पांढरी, खरखरीत, किंचित वर आलेली रेषा. नख लावलं, निघेना. ओल अजिबात नाही. दुसरी तशीच. तिसरी तशीच. पट्टी, खरंच मिटल्या होत्या! तुझ्या जवळजवळच्या बारीक सळयांनी त्यांना बारीक ठेवलं होतं आणि पाण्याने त्या भरल्या होत्या. मी शिडीखाली उभी राहून हसत होते, आणि डोळे पुसत होते, आणि मामा वरून विचारत होते, मॅडम, डोळ्यात रंग गेला का? मग आम्ही पश्चिमेच्या अंगाला गेलो, जिथून मोठा नळ आत जातो. तिथला रंग काढला, तर आत ओल. तिथली भेग थोडी रुंद आहे आणि दुपारी ऊन लागलं की उघडते, रात्री आखडते. रोज हलणाऱ्या भेगेत चुना बसणार कसा? ती आपोआप कधीच मिटणार नाही. तिला वेगळा उपाय करावा लागेल, लवचिक काहीतरी भरावं लागेल, आणि तिथली हालचाल मान्य करावी लागेल. साहेबांना हे तसंच सांगितलं. टाकी भरलेलीच राहील आणि पश्चिमेचं काम बाहेरून होईल, असं लिहून त्याच्याखाली मी सही केली. साहेब म्हणाले, तुम्हाला चांगलं चाललेलं बघवत नाही. मला ते कौतुकच वाटलं.

त्या भरात मी गुरुवारी दादाला फोन केला. म्हटलं, एक जागा खरवडली तशी दुसरीही खरवडू. तू येऊ का म्हणून विचारलंस ते सांगितलं आणि म्हटलं, तुझं काय म्हणणं? मला वाटलं होतं तो गप्प बसेल किंवा फोन ठेवेल. तो म्हणाला, मला काय विचारतेस? तुझी मैत्रीण आहे. आधी तुझी होती, मग माझी बायको झाली. माझं तिच्याशी जमलं नाही, त्याला तू काय करणार? मग मी उगाच त्या फोटोचं विचारलं. तो म्हणाला, तो माझ्याकडे आहे, मीच आणला. तुम्हाला दोघींना रोज बघायला नको म्हणून. बघ म्हणजे! त्याने आमच्यासाठी काढला, मी आईसाठी झाकला, आईने माझ्यासाठी झाकला, आणि फोटोला कोणीच विचारलं नाही. तो परत बायको वगैरे करतो आहे का, हे तू विचारलेलं नाहीस, मीही विचारलं नाही. तुमची दोघांची ती पश्चिमेची भिंत आहे. तिथे मी पत्री घेऊन जाणार नाही.

राहिली आई. शुक्रवारी ती खिडकीपाशी मटार सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसले, दोन-चार शेंगा सोलल्या, दाणे तोंडात टाकले म्हणून बोलणी खाल्ली, आणि मग एका दमात सांगून टाकलं की तुझं पत्र आलंय, तू भेटायला येऊ का विचारते आहेस. तिचा हात थांबेल असं मला वाटलं. थांबला नाही. तिने ती शेंग पूर्ण सोलली, पुढची घेतली, आणि म्हणाली, तिला आतल्या खोलीतला पलंग नको देऊस, त्याची फळी वाजते, तिला झोप लागत नाही. एवढंच. जसं काही तू बाजारात गेली होतीस आणि आता पायऱ्या चढून येतेस. मला रागच आला. मी म्हटलं, मग दोन वर्षं तिचं नाव का घेतलं नाहीस? तर माझ्याकडे आश्चर्याने बघत म्हणाली, तुझ्यासाठी. त्याला त्याचं काम आहे, मला माझं वय आहे. पण तुझी मैत्रीण गेली. तुझ्यासमोर कशाला नाव काढायचं? म्हटलं, कोरडं राहू दे, भरून येईल. आणि मग थोड्या वेळाने, शेंगांची सालं गोळा करताना, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, पण तुझी ती टाकी म्हणते तसंच असतं वाटतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उगाच धुतलेली भांडी धुतली.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर शुक्रवारीच मिळालं होतं. आई म्हणते ये. दादा म्हणतो त्याची काही हरकत नाही. मांजरीला नवी पिल्लं झाली आहेत, तिला कोण आलं-गेलं याची फिकीर नाही. ‘ये’ एवढंच लिहून शनिवारी पत्र टाकता आलं असतं. तरी आज मी इथे बसून एवढे कागद काळे करते आहे, आणि का ते मला आत्ता, हे लिहिताना कळतं आहे. तुझं पत्र मंगळवारपासून मी इतक्यांदा वाचलं की घड्या फाटायला आल्या. त्यात सगळ्यांची चौकशी आहे, माझी नाही. वर नुसतं ‘प्रिय’, पुढे मोकळी जागा, आणि मग एकदम आईचे गुडघे. मी कशी आहे, एका अक्षराने विचारलं नाहीस. आधी वाटलं, मला विसरलीस. मग वाटलं, दादाची बहीण म्हणून टाळलंस. काल रात्रीपासून वाटतं आहे की तूही आमच्या घरच्यांसारखीच, जिथे दुखतं तिथे हात लावायचा नाही म्हणून ती जागा कोरडी सोडून दिलीस. यातलं खरं कोणतं ते मला माहीत नाही, आणि ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. घटस्फोट तुम्हा दोघांचा झाला. माझा कोणाशी झाला होता? मला कोणी विचारलंच नाही, म्हणून आज मीच सांगते. मी बरी नाहीये. दोन वर्षं ऑफिसात भांडून घरी येते आणि कोणाला सांगावं ते कळत नाही. आईला भेटायला ये, जरूर ये. पण तिला भेटून संध्याकाळच्या गाडीने निघून जाऊ नकोस. माझ्याबरोबर टाकीवर चल, तुझ्या भेगा कशा मिटल्या आहेत ते बघ, पट्टी लावून मोज हवं तर, आणि मग त्या पत्र्याच्या खोलीत बसून आपण दोघी पोटभर भांडू.

तुझीच,
पाणबुडी

(हे नाव तू दिलं होतंस. आठवत नसेल तर येऊन विचार.)